गिरवणे आणि लिहिणे

बँकेच्या काउंटरवर बसून आम्हाला बरीच वर्षे झाली. पैसे काढायला आलेल्या एखाद्या आजीबाई स्लिपवर मोठ्या अभिमानाने सही करतात. सही वळणदार असते. पण "आजी, रक्कमही लिहा" म्हटले की त्या शेजारच्याला म्हणतात, "बाळा, तेवढं भरून दे." सही त्यांनी चित्रासारखी गिरवून पाठ केलेली असते. गिरवणे वेगळे आणि लिहिणे वेगळे, हे आम्हाला तिथे कळले.

ज्या घरांत अक्षर एक-दोन पिढ्यांपूर्वीच आले, तिथल्या पालकांना मुलांच्या लिहिण्याची घाई असणे स्वाभाविक आहे. म्हणून तीन वर्षांच्या मुलापुढे पाटी ठेवून पाटीभर 'अ' गिरवून घेतला जातो. मूल रडते, आपण रागावतो. आमच्या मुलाच्या बाबतीत आम्हीही हीच चूक केली.

मुळात मुलाचा हात कसा तयार होतो? मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची, म्हणजे मऊ असतात आणि पुढे काही वर्षांत एकामागून एक कठीण होतात. दीड-दोन वर्षांचे मूल खडू मुठीत धरून, सगळा हात हलवून रेघोट्या ओढते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास गोल जमतो, चौथ्यानंतर चौकोन आणि पाचव्याच्या आसपास त्रिकोण. साध्या त्रिकोणाला एवढा वेळ लागतो, तर 'अ'ची वळणे तिसऱ्या वर्षी कशी जमावीत?

मूल ३ च्या जागी ६ लिहिते तेव्हाही आपण ओरडतो. पण कप कोणत्याही बाजूला फिरवला तरी कपच राहतो, हे मूल जन्मापासून शिकलेले असते. नुसती दिशा बदलली की अर्थ बदलतो, हा नियम त्याला अक्षर-अंकांतच प्रथम भेटतो. सहा-सात वर्षांपर्यंत अशी उलटापालट होणे नैसर्गिक आहे.

डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीत बालगृह सुरू केले. तिथे मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटे फिरवीत. त्यांतली चार-पाच वर्षांची मुले वाचण्याआधी लिहू लागली. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे शिंपले, खडे, पाने, बिया अशा बिनखर्चाच्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. म्हणजे यासाठी श्रीमंती लागत नाही.

आपणही घरी एवढे करू शकतो. मुलाला शेंगा सोलू द्याव्यात, कणीक मळू द्यावी, ओल्या वाळूत बोटाने रेघा ओढू द्याव्यात. बोटांत बळ आले की सारख्या वळणाची अक्षरे, ग, म, भ, न, एकत्र दाखवावीत. डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलाने रेघोट्या ओढून "ही आई" म्हटले, तर त्याखाली आपण 'ही आई' असे लिहून त्याला वाचून दाखवावे. आपले बोलणे कागदावर राहते, हे ज्या दिवशी त्याला उमगते, त्या दिवशी त्याचे लिहिणे सुरू होते.

आपल्या आजीला सहीपर्यंत पोहोचायला आयुष्य लागले. नातवंडांना सहीच्या पुढे न्यायचे असेल, तर दोन वर्षे धीर धरायला काय हरकत आहे?