स्वस्त कापयंत्राची परीक्षा

घरच्या घरी सर्किट बोर्ड करण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यांपैकी व्हिनाइलची पद्धत विद्यार्थ्यांना सोयीची आहे. तांब्याचा थर असलेल्या बोर्डावर नक्षी कापलेले व्हिनाइल चिकटवायचे आणि बोर्ड फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवायचा. उघडे तांबे विरघळते. व्हिनाइलखालचे तेवढे मार्ग म्हणून उरते. रसायन सर्वत्र तेच. बोर्ड साधणे न साधणे बहुतांशी कापयंत्रावर अवलंबून असते.

विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून जमवलेल्या पैशांतून असे यंत्र घेताना मी एकदा चुकलो. दोन फूट रुंदी आणि ०.०२५ मि.मी. सूक्ष्मता हे आकडे वाचून मी भुललो. यंत्र अक्षरे सुबक कापी, पण आय.सी.च्या पायांसाठी काढलेल्या वर्तुळांचा आरंभ आणि शेवट जुळत नसे. नको असलेले व्हिनाइल सोलताना वर्तुळेही सोबत निघून येत. पुढे ध्यानात आले, की ०.०२५ मि.मी. हे प्लॉटरच्या एच.पी.जी.एल. या आज्ञाभाषेचे एकक आहे. आज्ञा इतकी बारीक देता येते, एवढाच त्याचा अर्थ. सुरी नेमकी तेथे पोहोचेल, ही हमी त्यात नाही.

आपली गरज किती, ते पाहू. नेहमीच्या आय.सी.च्या लगतच्या दोन पायांतील अंतर २.५४ मि.मी. असते. प्रत्येक पायाला १.६ मि.मी. व्यासाचे वर्तुळ दिले, तर मध्ये ०.९४ मि.मी. उरतात. त्यातून एक मार्ग न्यायचा, तर मार्ग आणि दोन फटी यांच्या वाट्याला प्रत्येकी जेमतेम ०.३१ मि.मी. येतात. स्वस्त यंत्राकडून ही अपेक्षा करू नये. तेथे वरून तारेचा तुकडा जोडावा. मात्र ०.९४ मि.मी.ची फट स्वच्छ निघालीच पाहिजे.

म्हणून मी आता तीन गोष्टी पाहतो. पहिली, यंत्र निघाल्या जागी परत येते का? तीच नक्षी दोनदा कापावी. दुसरा काप पहिल्यातच पडला पाहिजे. दुसरी गोष्ट सुरीची. फिरत्या खुर्चीच्या चाकाप्रमाणे ती आसावर मोकळी फिरते आणि तिचे टोक आसाच्या किंचित मागे राहते. हे अंतर साधारण पाव मिलिमीटर असले, तरी प्रोग्रॅमने त्याची भरपाई केली नाही, तर कोपरे गोलावतात. तिसरी, इंकस्केपसारख्या मोफत प्रोग्रॅममधून यंत्राला चित्र देता येते का? केवळ उत्पादकाच्याच प्रोग्रॅमवर चालणारे यंत्र, तो प्रोग्रॅम बंद झाला की निरुपयोगी ठरते. रुंदीसाठी जादा पैसे मोजू नयेत. ए-४ कागदाएवढी, म्हणजे २१ सें.मी., आपल्याला पुष्कळ झाली.

विद्यार्थी मित्रांना एक सूचना. रेडियमवाल्याच्या दुकानात असेच यंत्र असते. सोळा पायांच्या एका आय.सी.ची नक्षी त्याच्याकडे न्या, कापून घ्या आणि घरी स्वतःच्या हाताने सोला. सोळाही वर्तुळे जागेवर राहिली, तर कोणत्या प्रतीचे यंत्र पुरते ते कळेल. आणि वर्षाकाठी दोनचारच बोर्ड करायचे असतील, तर यंत्र न घेताही काम भागेल. ही परीक्षा मी आधी घेतली असती, तर मुलांची वर्गणी वाचली असती.