नेटवर्क ज्याचं, त्याच्या हाती

पुणे

चि. सुमेध,


तू पाठवलेली तिन्ही कामांची माहिती नीट वाचली. चिपळूणच्या बाजारपेठेतला डॉक्टरांचा दवाखाना, त्याच रस्त्यावरचं सीएंचं ऑफिस आणि गावाबाहेरचं जांभ्याचं जुनं घर. धंद्याच्या सुरुवातीलाच एकमेकांपासून इतकी वेगळी कामं मिळाली याचा मला फार आनंद झाला. तिन्हींसाठी तू एकच प्रश्न विचारला आहेस: राउटर कोणता घेऊ? कंपनीचं नाव मी आज सांगणार नाही. जागा पाहिल्याशिवाय ते सांगण्यात अर्थ नाही आणि जागा तू पाहणार आहेस, मी नाही. पण काय पाहायचं आणि उपकरण लावल्यावर काय करायचं, ते लिहिते. तू बसवलेलं नेटवर्क तू तिथे नसताना चाललं पाहिजे आणि बिघडलंच तर दुसऱ्या कुठल्याही जाणत्या माणसाला ते उघडून दुरुस्त करता आलं पाहिजे. खरेदीपासून पासवर्डपर्यंत प्रत्येक निर्णय या कसोटीवर घे.

आधी खोक्यावरच्या आकड्यांविषयी, कारण गिऱ्हाईक तेच वाचून तुझ्याशी बोलणार. ‘एसी १२००’ म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ मेगाबिट यांची गोळाबेरीज. ‘एएक्स ३०००’ म्हणजे ५७४ अधिक २४०२. वाय-फायच्या या पिढ्यांमधले बहुतेक फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतात, त्यामुळे ती बेरीज सहसा कुणाच्या पदरात पडत नाही. खरं पाहायचं ते मागे बारीक अक्षरांत असतं: पोर्ट १०० मेगाबिटचे की गिगाबिटचे. खोक्यावर १२०० मिरवणाऱ्या कितीतरी स्वस्त राउटरचे पोर्ट १०० चेच असतात. डॉक्टरांनी २०० चं कनेक्शन घेतलं असेल, तर त्यातलं निम्मं अशा राउटरच्या दारातच अडकेल. वाय-फाय ६, म्हणजे ‘एएक्स’, घेतलंस तर या तिन्ही जागांना पुरेसं आहे. त्यापुढच्या पिढीसाठी जादा पैसे मोजू नकोस, ते वायरीत घाल.

जांभ्याच्या घराचं तू लिहिलंयस की पडवीत मीटरशेजारी फायबरवाल्याचा डबा आहे आणि माजघरात रेंज नाही. असंच होणार. फायबरवाला त्याला सोयीचं असेल तिथे डबा ठोकतो आणि त्याच्या दृष्टीने काम संपतं. जांभ्याच्या जाड भिंती, त्यात पावसाळ्यातली ओल, म्हणजे ५ गिगाहर्ट्झचे तरंग दुसऱ्या भिंतीपलीकडे जवळजवळ उरत नाहीत. २.४ चे थोडे पुढे जातात, पण तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. गावाबाहेर शेजार विरळ असल्याने तिथे हे चालून जाईल. बाजारपेठेत मात्र प्रत्येक दुकानाचा राउटर याच तीन चॅनलांवर गर्दी करून असतो, म्हणून दवाखान्यात आणि ऑफिसात कामाची यंत्रं ५ वर ठेव आणि २.४ ची रुंदी २० मेगाहर्ट्झवरच राहू दे.

घरमालक तुला मोठ्या अँटेनांचा राउटर आणायला सांगतील. त्यांना समजावून सांग की संभाषण दोन्ही बाजूंनी चालतं. राउटरचा आवाज फोनपर्यंत पोचला तरी फोनचं छोटं रेडिओयंत्र उलट उत्तर पोचवू शकत नाही. मग दांड्या पूर्ण दिसतात आणि पान उघडत नाही. रिपीटरही नको. साधा रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्यावरच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. पडवीतल्या डब्यापासून माजघरापर्यंत एक वायर ओढ आणि तिथे ॲक्सेस पॉइंट लाव. भिंतीला भोक पाडायला घरचे कुरकुरतील. तरी जुन्या वायरिंगची वाट किंवा वाशांची कड शोधून काढ, पण वायर ने.

आता वायर. हा भाग दोनदा वाच, कारण राउटर चार-पाच वर्षांत बदलला जातो आणि भिंतीतली वायर वीस वर्षं राहते. दुकानात ‘कॅट सिक्स’ म्हणून अर्ध्या किमतीत मिळणारं बंडल बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमचं असतं. तारेवर ब्लेडने हलकेच खरवड. आत पांढरी चकाकी दिसली तर ते बंडल परत कर. ती तार ठिसूळ असते, तिचा रोध जास्त असतो आणि तिच्यावरून कॅमेऱ्याला किंवा ॲक्सेस पॉइंटला वीज पुरवलीस तर ती तापते. शुद्ध तांब्याची कॅट सिक्स घे. एका सलग वायरीची मर्यादा १०० मीटर आहे, तुझ्या तिन्ही जागांत ती आडवी येणार नाही. विजेच्या वायरींच्या पाइपातून डेटाची वायर कधीच नेऊ नकोस. दोघी समोरासमोर आल्याच तर काटकोनात ओलांड.

कनेक्टर दाबताना रंगांचा एकच क्रम सगळीकडे ठेव: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना आपल्या मनाचा पण सारखाच क्रम लावला तरी चालतं, असं सांगणारे वायरमन तुला भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. या वायरीत दोन-दोन तारा एकमेकींना पीळ देऊन जोडीने चालतात आणि त्या पिळामुळेच बाहेरचा गोंगाट कटतो. क्रम चुकला की एका संदेशाच्या दोन तारा वेगवेगळ्या जोड्यांत जातात. स्वस्त टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात, कारण तो फक्त तार सलग आहे की नाही एवढंच पाहतो. पण प्रत्यक्ष कामात नेट अडखळत राहतं. म्हणून टेस्टरवर थांबू नकोस. लॅपटॉप लावून जोडणी १००० वर झाली आहे का ते बघ आणि एक मोठी फाइल इकडून तिकडे पाठव. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. जोडणी १०० वर अडली तर आधी कनेक्टर संशयित धर.

तुमच्या भागाचं आणखी एक. चिपळूणच्या बाजारपेठेने जुलै २०२१ चा पूर पाहिला आहे. दवाखाना तळमजल्यावर असेल, तर राउटर, स्विच आणि त्यांची बॅटरी टेबलाखाली ठेवू नकोस. छताजवळ भिंतीवरची छोटी पेटी लाव आणि वायरी वरून खाली आण. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा किती पडतात ते तुला सांगायला नको. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, पण फायबरच्या बाहेरच्या केबलला आधारासाठी अनेकदा पोलादी तार असते. ती घराबाहेरच कापून टाकायला लाव, आत येऊ देऊ नकोस. घर आणि गोठा किंवा दवाखाना आणि मागची खोली अशा दोन वेगळ्या इमारती जोडायच्या असतील तर मध्ये तांब्याची वायर टाकू नकोस. तिथे फायबर टाकून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लाव. जवळ वीज पडली की दोन इमारतींमधल्या तांब्यावरून येणारा झटका दोन्हीकडची यंत्रं घेऊन जातो.

वीज जाण्याचा उपाय त्यामानाने सोपा आहे. घरापर्यंत येणारं हे फायबरचं जाळं वाटेत विजेवर चालत नाही, खांबावरचा स्प्लिटर फक्त प्रकाश वाटून देतो. म्हणजे वाडीची वीज गेली तरी पुरवठादाराच्या टोकाला वीज असेपर्यंत नेट चालू राहू शकतं. त्यासाठी तुझ्याकडचा डबा आणि राउटर दोन्ही जिवंत हवेत. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात. अडाप्टरवरचा अँपिअरचा आकडा वाचून त्याला पुरेल असा छोटा डीसी यूपीएस लाव. ॲक्सेस पॉइंट आणि स्विच विसरू नकोस, नाहीतर नेट पडवीत येऊन थांबेल.

आता सेटिंग. तुला सगळ्यात जास्त फोन कशासाठी येतील ते आत्ताच सांगते: एकाच नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोघे. फायबरच्या डब्यातला राउटर डीएचसीपीने पत्ते वाटत असतो, त्यात कुणीतरी दुसरा राउटर आणून लॅन पोर्टात खुपसतो आणि तोही वाटायला लागतो. मग काही संगणक एका जाळ्यात, काही दुसऱ्यात, आणि प्रिंटर कुणालाच सापडत नाही. पत्ते वाटणारा एकच ठेव. दुसरं उपकरण ॲक्सेस पॉइंट मोडवर टाक. स्वतःचाच राउटर मुख्य ठेवायचा असेल तर पुरवठादाराकडून त्यांचा डबा ब्रिज मोडवर करून घे. सीएंच्या ऑफिसातल्या प्रिंटरला आणि टॅलीच्या मुख्य संगणकाला राउटरमध्येच कायमचा पत्ता राखून ठेव. मार्चअखेरीला आणि रिटर्नच्या दिवसांत त्यांच्याकडे पाच मिनिटंही वाया घालवायला नसतात.

स्विचच्या बाबतीत, सुट्या लोंबणाऱ्या वायरी ठेवू नकोस. सफाई करताना कुणी मोकळं टोक दिसलं म्हणून त्याच स्विचात खोचलं, तर संदेश गोल गोल फिरत राहतात आणि अख्खं ऑफिस बंद पडतं. हे रोखण्याची रीत रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधली, स्पॅनिंग ट्री म्हणतात तिला. मात्र अगदी स्वस्त साध्या स्विचमध्ये ती नसते. ऑफिससाठी थोडा वरचा, सेटिंग करता येणारा स्विच घे.

डॉक्टरांना घरून दवाखान्याचे कॅमेरे पाहायचे आहेत. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता आधी तपास. तो १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ गिऱ्हाइकांत वाटतो आहे आणि राउटरवर पोर्ट उघडून काहीही होणार नाही. आणि सार्वजनिक पत्ता मिळाला तरी कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचं पोर्ट इंटरनेटला उघडं टाकू नकोस. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डाइन या डीएनएस सेवा देणाऱ्या कंपनीवर त्यांचा मारा झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना आपला कॅमेरा यात सामील आहे याची कल्पनाही नव्हती. बऱ्याच राउटरमध्ये व्हीपीएनची सोय असते. सार्वजनिक पत्ता असेल तर ती वापर.

डब्ल्यूपीएस बंद कर. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा निव्वळ पडताळणीचा असतो, म्हणून कोट्यवधींऐवजी फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. २०११ पासून हे जगजाहीर आहे. वाय-फायला डब्ल्यूपीए ३ ठेव, जुनी यंत्रं अडली तर २ आणि ३ मिळून. पासवर्ड म्हणून मालकाचा मोबाइल नंबर ठेवू नकोस. तो नंबर दुकानाच्या पाटीवर रंगवलेला असतो. घरच्यांना लक्षात राहतील असे चार-पाच असंबद्ध शब्द जोड. दवाखान्यात थांबलेल्या पेशंटना वाय-फाय द्यायचं असेल तर पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क कर आणि तिथून आतलं काहीही दिसत नाही हे स्वतःच्या फोनने तपासून बघ. लोकांच्या आजारांच्या नोंदी त्या संगणकावर आहेत. त्या सुरक्षित ठेवणं हे तुझ्या कामातलं सगळ्यात गंभीर काम आहे.

आणि शेवटचं, ज्यासाठी मी एवढं लिहिलं. आपल्या धंद्यात काही जण राउटरचा ॲडमिन पासवर्ड मुद्दाम स्वतःकडे ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार नाही. कॅमेरेवाल्यांत तर हे सर्रास चालतं. मला याची मनापासून चीड आहे. तो माणूस गाव सोडून गेला, आजारी पडला किंवा फोन उचलेनासा झाला, की मालकाला स्वतःच्या पैशाने घेतलेलं यंत्र पुसून पहिल्यापासून बसवावं लागतं. तू काम संपवशील तेव्हा एक कागद लिही: कुठली वायर कुठून कुठे गेली, प्रत्येक उपकरणाचा पत्ता, ॲडमिनचं नाव आणि पासवर्ड, पुरवठादाराचा लॉगिन, बिलांच्या तारखा. वायरींच्या दोन्ही टोकांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लाव आणि तेच क्रमांक कागदावर घाल. सेटिंगची बॅकअप फाइल पेन ड्राइव्हवर दे. हे सगळं पाकिटात घालून मालकाच्या कपाटात त्यांच्या हाताने ठेवायला लाव, आणि तू गेल्यावर त्यांनी ॲडमिन पासवर्ड बदलला तर वाईट वाटून घेऊ नकोस. दर सहा महिन्यांनी फर्मवेअर अद्ययावत करायला जाशील तेव्हा नवा पासवर्ड तेच तुला देतील.

दवाखान्यापासून सुरुवात कर आणि वायर ओढण्याआधी त्या कागदाचा कच्चा आराखडा काढून मला पाठव.

तुझी,
मावशी