बीटल आणि मिनी : दोन गाड्या, धंद्याचे दोन धडे

आमच्या वाचकांत मेकॅनिक, फिटर, स्पेअर पार्टवाले आहेत, तसे शिलाई आणि सुतारकाम करणारे कारागीरही आहेत. या सर्वांच्या कामाची म्हणून आज आम्ही दोन जुन्या परदेशी गाड्यांची तुलना देत आहोत. दोन्ही सामान्य माणसासाठी बनल्या, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बनावट

जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलचे इंजिन मागे असते आणि ते हवेने थंड होते. रेडिएटरच नाही, म्हणून पाणी उकळण्याची किंवा थंडीत गोठण्याची भीती नाही.

इंग्लंडची मिनी १९५९ साली आली. १९५६ च्या सुवेझ संकटात पेट्रोलची टंचाई झाली, त्यातून तिची गरज निर्माण झाली. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी ८४८ सीसीचे इंजिन पुढे आडवे बसवले, गिअरबॉक्स त्याच्याच खाली घातला आणि चाके १० इंचांची ठेवली. त्यामुळे अवघ्या १० फुटांच्या गाडीत चार माणसांची सोय झाली.

हिशेब

कसब पाहिले तर मिनी सरस. पण तिची किंमत ५०० पौंडांच्या आत ठेवली होती. फोर्ड कंपनीने एक मिनी पूर्ण खोलली, एकेका भागाचा खर्च मांडला आणि अंदाज काढला, की बनवणारी बीएमसी कंपनी दर गाडीमागे सुमारे ३० पौंड गमावते आहे! २००० सालापर्यंत मिनी ५३ लाखांवर बनल्या. पण बीएमसी १९६८ साली ब्रिटिश लेलँडमध्ये मिळाली आणि १९७५ साली ती सरकारला ताब्यात घ्यावी लागली. कारणे इतरही होती, पण कच्चा हिशेब हे त्यांतले एक.

फोक्सवॅगनची सूत्रे १९४८ पासून हाइन्त्स नॉर्डहॉफ यांच्याकडे होती. त्यांनी गाडीचे रूप फारसे न बदलता आतले भाग सुधारले आणि विक्रीबरोबर सर्व्हिस व पार्टची सोय उभी केली. २००३ पर्यंत २ कोटी १५ लाख बीटल बनल्या. मात्र एकाच मालावर फार काळ विसंबल्याने १९७४ साली कंपनी मोठ्या तोट्यात गेली. त्याच वर्षी आलेल्या गोल्फने तिला सावरले, आणि गोल्फचे इंजिन मिनीसारखेच पुढे, आडवे होते.

आपल्यासाठी

आपला कारागीर भाव सांगताना कच्चा माल धरतो. स्वतःची मजुरी, भाडे, वीज, हत्यारांची झीज धरत नाही. दुकानात गर्दी, आणि महिनाअखेर गल्ला रिकामा! फोर्डने जे परक्या मालाचे केले, ते आपण आपल्याच मालाचे करावे. आज दुकान बंद करण्यापूर्वी एक वस्तू समोर घ्या आणि तिचा सारा खर्च वहीत लिहा. तो भावापेक्षा जास्त निघाला, तर विक्री वाढेल तसा तोटाही वाढेल. आणि हिशेब बरोबर निघाला, तरी एकाच वस्तूवर विसंबू नका. पुढच्या मालाची तयारी धंदा चालू असतानाच करा.