जुन्या फोर्डला नवे पाय

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. "एक्सल" ला शुद्ध मराठीत "आस" म्हणतात हे मला मागच्या वर्षी कळलं! त्यामुळे भाषेतल्या चुका पोटात घाला. गणितातल्या चुकीची कबुली मात्र मी या लेखातच देणार आहे.

माझा मावसभाऊ मिशिगनमध्ये असतो. त्याच्याकडे 1996 सालची फोर्ड एफ-250 पिकअप आहे, फोर व्हील ड्राइव्ह. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडतो, म्हणून फोर व्हील ड्राइव्ह लागतेच. या गाडीचा पुढचा एक्सल मधे तुटक असतो. दोन वेगवेगळे बीम, प्रत्येक आपापल्या खिळीवर वरखाली होणारा. यालाच ट्विन ट्रॅक्शन बीम म्हणतात. चाक वर गेलं की ते थोडं कलतं पण, म्हणजे कॅम्बर बदलतो. बुश झिजले, पाटे बसले, की टायर एकाच बाजूने खाल्ला जातो. दादाचे दोन जोड असेच गेले.

फोर्डने 1999 च्या मॉडेलपासून सुपर ड्यूटी नावाची मालिका आणली. तिच्यात पुढे अखंड एक्सल आणि चारी चाकांना डिस्क ब्रेक. 2005 च्या मॉडेलला पुढचे पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आले, डिस्क मोठ्या झाल्या आणि गाडी कमी जागेत वळू लागली. दादाला 2006 ची एक अपघातातली सुपर ड्यूटी भंगारात मिळाली. त्याचा प्लॅन सोपा होता: तिचा फक्त पुढचा एक्सल काढायचा आणि आपल्या गाडीला लावायचा.

पहिली अडचण नटबोल्टची. जुन्या गाडीच्या चाकाला आठ बोल्ट, पीसीडी साडेसहा इंच, म्हणजे 165.1 मि.मी. सुपर ड्यूटीलाही आठच, पण पीसीडी 170 मि.मी. फरक जेमतेम पाच मिलिमीटरचा, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. चाक बसत नाही ते नाहीच. शिवाय 2005 नंतरच्या डिस्कवर 16 इंची रिम चढत नाही, 17 ची लागते. म्हणजे पुढे एक चाक, मागे दुसरं, आणि स्टेपनी नक्की कुणाची?

दुसरी अडचण जास्त गंभीर. दादाच्या गाडीचा गिअर रेशो 4.10 आणि भंगारातल्या एक्सलचा 3.73. प्रॉपेलर शाफ्टचे 100 फेरे झाले की मागचं चाक 24.4 फेरे फिरणार आणि पुढचं 26.8. या गाडीच्या ट्रान्सफर केसमध्ये डिफरेन्शियल नसतो, फोर व्हीलमध्ये टाकलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. म्हणजे मागची चाकं एक किलोमीटर जाईपर्यंत पुढच्या चाकांना शंभर मीटर जास्त जायचं असतं. बर्फावर टायर घसरून हिशोब जुळवतील, पण कोरड्या डांबरावर कुठेतरी काहीतरी तुटणार. म्हणून ठरलं, की दोन्ही एक्सल त्याच गाडीचे घ्यायचे. रेशोही जुळला, बोल्टही जुळले.

मागचा एक्सल तसा गरीब. पाट्यांच्या बैठका कापायच्या, चॅसिसच्या मापाने नव्या जागी वेल्ड करायच्या, पिनियनचा कोन हवा तसा ठेवायचा. पुढचा एक्सल मात्र हट्टी, आणि माझी फजिती तिथेच झाली.

टीओएमच्या पेपरला येणारा हूक्स जॉइंट आठवतोय ना? शाफ्टमधे कोन असला की बाहेरचा वेग एका फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो, कॉस थीटा ते एक भागिले कॉस थीटा. दहा अंशाला तो फरक साधारण तीन टक्क्यांचा. दादाने मोजमापं पाठवली आणि विचारलं, "तू मेकॅनिकलची ना? रेडियस आर्मचा ब्रॅकेट चॅसिसवर किती उंचीला वेल्ड करू?" रेडियस आर्म म्हणजे एक्सलपासून मागे चॅसिसकडे जाणारा हात. त्याचं मागचं टोक वर घेतलं की अख्खा एक्सल फिरतो आणि पिनियन वर बघायला लागतं. मी ऐटीत सांगितलं, सहा अंश फिरव, शाफ्ट जवळजवळ सरळ येईल. हात एक मीटरचा धरला तर 105 मि.मी. वर. गणित अगदी बरोबर होतं!

दुसऱ्या दिवशी मी ते कौतुकाने आमच्या वर्कशॉपमधल्या काकांना दाखवलं. ते लेथवरून मान वर न करता म्हणाले, "आणि कॅस्टरचं काय गं?"

माझ्या पोटात गोळा आला. पुढचं चाक ज्या रेषेभोवती वळतं ती वरून थोडी मागे झुकलेली असते, सायकलच्या चिमट्यासारखी. म्हणून वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. हा झुकाव एक्सलच्या टोकांनाच पक्का असतो. एक्सल फिरवला की पिनियन आणि कॅस्टर दोन्ही फिरतात, एक वाढवलं की दुसरं घटतं. समजा मूळ कॅस्टर चार अंश होता. सहा अंश फिरवल्यावर उणे दोन! हायवेवर असं स्टिअरिंग सरळ राहत नाही, सारखं सावरावं लागतं. आणि त्या गाडीत मागे दादाची दोन मुलं बसतात.

तिकडची मध्यरात्र होती, तरी फोन केला. नशीब, ब्रॅकेटला नुसते टाके मारले होते, पूर्ण वेल्ड व्हायचा होता. दादा ओरडला नाही, फक्त म्हणाला, "बरं झालं, उद्या ग्राइंडर काढतो." त्याने ओरडायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

मग काकांनीच रस्ता दाखवला. त्यांनी विचारलं, यातलं रोज काय चालतं? कॅस्टर प्रत्येक किलोमीटरला लागतो. पुढचा शाफ्ट मात्र हब सुटे ठेवले तर फिरतच नाही. फिरतो तो बर्फाच्या दिवसांत, तेही कमी वेगात. तेव्हा कॅस्टर मूळचा ठेवायचा आणि शाफ्टची थोडी थरथर सोसायची. एक्सलचे टोकाचे सांधे कापून फिरवले तर दोन्ही साधतं, पण ते घरच्या गॅरेजचं काम नव्हे.

बाकी दोन गोष्टी काकांनी लिहूनच दिल्या. एक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉड आणि स्टिअरिंगची ड्रॅग लिंक समांतर आणि शक्यतो सारख्या लांबीची हवी, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळतं. दुसरी ब्रेकची. जुना मास्टर सिलिंडर मागच्या ड्रमच्या हिशोबाने बनलेला, नव्या मोठ्या कॅलिपरना त्याचं तेल पुरत नाही आणि पेडल खोल जातं. दादाने तोही 2006 च्याच गाडीचा काढून आणलाय, पण बूस्टरला कसा बसवायचा यावर सध्या काम अडलंय.

गाडी अजून स्टँडवर आहे. चार नवी चाकं भिंतीला टेकवलेली, आणि जुनी स्टेपनी मुलांनी झोपाळ्यासाठी मागून घेतली.