दप्तरी दाखल

माझ्या अर्जावर साहेबांनी लाल शाईने 'दप्तरी दाखल' असा शेरा मारला, त्याचे मला फारसे वैषम्य वाटले नाही. ज्या कागदाचे काय करावे हे कळत नाही त्याची सरकारी कचेरीत हीच गत होते. वैषम्य वाटले ते याचे, की तो अर्ज त्यांनी शिपायांसकट सर्वांच्या देखत मोठ्याने वाचला आणि, "अहो बाई, संसार केलात, लेकीचे लग्न लावलेत, तुम्हाला कसली आली आहे स्वमग्नता?" असे हसत विचारले. मागितले होते ते एवढेच, की तोंडी हुकूम चार ओळींत लेखी मिळावेत आणि माझे टेबल अभ्यागतांच्या खिडकीपासून हलवावे. यात खजिन्याची दमडीही खर्ची पडणार नव्हती.

खरा उलगडा झाला तो गोपनीय अहवाल हाती पडला तेव्हा. 'काम बिनचूक, तथापि स्वभाव ताठर, मिळून-मिसळून वागत नाहीत.' आमच्याच शाखेतील एक लेखापाल दिवसदिवस मान वर करीत नाहीत, चहाला येत नाहीत, कोणाच्या निरोपसमारंभाकडे फिरकत नाहीत. त्यांची ख्याती मात्र 'एकमार्गी, अभ्यासू गृहस्थ' अशी. तेच वर्तन बाईमाणसाच्या ठायी दिसले की शिष्टपणा ठरतो! दुसऱ्यांचे पाहून हसणे, मान डोलावणे, डोळ्याला डोळा देणे आम्ही स्वमग्न बायका लहानपणापासून इतके घोकतो, की पुढे वैद्यालाही शंका येत नाही. आणि यावी तरी कशी? 1943 साली मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ज्या 11 स्वमग्न बालकांचे वर्णन केले त्यांत मुली अवघ्या 3, आणि पुढल्याच वर्षी हान्स अ‍ॅस्परगर यांनी सविस्तर वर्णिलेले चौघेही मुलगेच. मापे त्यांची घेतली, मग तो अंगरखा आम्हांस कसा व्हावा?

ज्या भगिनींवर असा प्रसंग येईल त्यांनी स्वभावाचे खुलासे देत बसू नये. नेमकी सोय मागावी. अर्जासोबत निदानपत्राची प्रत जोडावी, मूळ पत्र कदापि देऊ नये, आणि आवक बारनिशीत नोंद करवून क्रमांकासह पोच घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याचे कलम 20 शासकीय आस्थापनेवर वाजवी सोय पुरविण्याचे बंधन घालते, आणि कलम 21 चे समान संधी धोरण खाजगी आस्थापनेसही चुकत नाही. स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता त्याच्या अनुसूचीत नावानिशी आहेत. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही, तेव्हा तशा भगिनींनी वकिलाचा सल्ला आधी घ्यावा. तोंडी हुकूम मिळताच 'आपण सांगितल्याप्रमाणे' अशी सुरुवात करून त्याच दिवशी टिप्पणी सादर करावी. साहेब चिडतात, परंतु त्यांना ती नाकारता येत नाही. प्रकृतीस जपावे, धीर सोडू नये, हे तर सारेच सांगतात.

शासकीय कचेरीत कलम 23 अन्वये तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा लागतो. तो कोण, हे लेखी विचारावे. तेथेही दाद लागली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय पुण्यास आहे, आणि तेथे तक्रार गुदरण्यास साहेबांची परवानगी लागत नाही.