टाळूचे दार

मुलांनो, एक सोपा प्रयोग करा. बोटांनी नाक घट्ट धरा आणि 'पापा' म्हणा. शब्द स्पष्ट येतो. आता तसेच नाक धरून 'मामा' म्हणा. 'बाबा' असे काहीतरी ऐकू आले ना?

'म' आणि 'न' म्हणताना हवा नाकातून जाते. 'प', 'ब', 'क' म्हणताना ती तोंडातूनच जावी लागते. मग नाकाची वाट कोण बंद करते? तोंडात वरच्या बाजूला जीभ फिरवा. पुढे कठीण टाळू लागते. उर्दूत तिला तुम्ही 'तालू' म्हणता. तिच्या मागे, पडजिभेजवळ, मऊ टाळू असते. ती वर उचलली जाते, घशाच्या मागच्या भिंतीला टेकते आणि नाकाची वाट बंद होते. ती जणू एक छोटे दारच आहे.

काही बाळांची टाळू आईच्या पोटात असताना जुळायची राहते. तिला दुभंगलेली टाळू म्हणतात. असे बाळ दूध पिताना दूध नाकातून येते. पुढे ते 'बाबा' म्हणते, पण आपल्याला 'मामा' ऐकू येते. त्याला सर्व समजते. फक्त त्याचे दार बंद होत नाही. वर्गात कोणी हसले, की उत्तर येत असूनही ते हात वर करत नाही.

आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे होते, असे काही लोक सांगतात. ते खरे नाही. आईला दोष देऊ नये.

यावर इलाज आहे. बाळ साधारण ९ ते १८ महिन्यांचे असताना डॉक्टर शस्त्रक्रिया करून टाळू जोडतात. तरीही काही मुलांची टाळू आखूड पडते आणि हवा नाकातून निसटते. मग दुसरी शस्त्रक्रिया करतात. टाळूची लांबी वाढवतात किंवा घशाच्या मागच्या भिंतीची एक पट्टी टाळूला जोडतात. श्वासासाठी दोन्ही बाजूंना जागा ठेवतात. पण दार दुरुस्त झाले, तरी ते वापरायला शिकावे लागते. वाचा-उपचारतज्ज्ञ एकेक अक्षर म्हणायला शिकवतात. घरीही रोज सराव करावा लागतो.

महाड-पोलादपूरच्या डोंगरातील एखाद्या वाडीवर असे बाळ जन्मले, तर आईवडिलांनी काय करावे? आशाताईंना किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात सांगावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना अशा दोषांवर मोफत उपचार मिळतात. मुंबईत वांद्रे येथे वाचा व श्रवण यांसाठी राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव दिले आहे.

मुलांनो, शस्त्रक्रिया डॉक्टर करतील. पण त्या मुलाचे बोलणे न हसता, शेवटपर्यंत ऐकणे हे तुमचे काम आहे. ते तुम्ही आजपासून करू शकता.

शब्दार्थ
दुभंगलेली – दोन भाग झालेली
आखूड – लांबीला कमी
सराव – पुन्हा पुन्हा करून शिकणे

स्वाध्याय
१. मऊ टाळूला 'दार' का म्हटले आहे?
२. शस्त्रक्रियेनंतरही सराव का करावा लागतो?
३. असा मित्र तुमच्या वर्गात आला, तर तुम्ही कसे वागाल? पाच वाक्ये लिहा.