मधुमेही आणि त्याचे कुटुंबीय

मधुमेह हा एकदा जडला म्हणजे बहुधा जन्मभर सोबत करणारा विकार आहे. शरीरातील पेशींना ग्लुकोजचा उपयोग करता यावा म्हणून स्वादुपिंडातून इन्शुलिन नावाचा अंतःस्राव स्रवत असतो. तो जवळजवळ बंद पडला म्हणजे पहिल्या प्रकारचा मधुमेह होतो. तो अपुरा पडू लागला व शरीर त्याला नीट दाद देईनासे झाले म्हणजे दुसऱ्या प्रकारचा. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्शुलिन टोचण्यात आले आणि या रोगाच्या उपचाराला नवे वळण लागले. रोग्याचे मरण टळले, परंतु रोजचे इंजेक्शन, आहाराचे मोजमाप आणि रक्तशर्करेची तपासणी यांमुळे उपचाराचा मोठा भाग रुग्णालयातून घरात आला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ वैद्यकाचा राहत नाही. तो संसाराचाही होतो.

आपल्या देशात माया अन्नातून व्यक्त होते. बंगालमध्ये पाहुण्यापुढे संदेश येतो, तमिळनाडूत सणाला गोड पोंगल शिजतो, उत्तरेत शुभवार्तेबरोबर मिठाई वाटली जाते. अशा वेळी मधुमेही माणसाने नकार दिला तर यजमानास तो आपला अव्हेर वाटतो, आणि आग्रहास्तव त्याने तोंड गोड केले तर त्याच्याच घरातील माणसे त्याला दोष देतात. काही घरांत पत्नी किंवा मुलगा ताटावर पहारा ठेवू लागतो. हेतू प्रेमाचाच असतो; परंतु प्रत्येक घासाचा हिशेब विचारला गेला की प्रौढ माणसाला आपण लहान मूल झाल्यासारखे वाटते. मग तो चोरून खातो, तपासणीचा आकडा लपवतो आणि डॉक्टरांसमोर खोटे बोलतो. याउलट, घरातील सर्वांचेच जेवण बेताचे व सकस असेल, तर वेगळ्या ताटाचा आणि पहाऱ्याचाही प्रश्न पुष्कळसा सुटतो.

रक्तशर्करा फार खाली गेली म्हणजे मेंदूला इंधन कमी पडते. माणसाला घाम फुटतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते. कित्येकदा तो विनाकारण संतापतो. ज्यांना हे ठाऊक नसते ते त्याला भांडखोर, क्वचित मद्यपी समजतात. इन्शुलिन किंवा तत्सम औषध घेणारा माणूस असा वागू लागला, तर वाद न घालता प्रथम शर्करा तपासावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल किंवा तपासणी शक्य नसेल, तर सुमारे १५ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. तो बेशुद्ध असेल तर तोंडावाटे काहीही देऊ नये. त्याला कुशीवर वळवून तत्काळ वैद्यकीय मदत मिळवावी.

स्त्रियांच्या बाबतीत घराची रीतच कधी कधी धोका निर्माण करते. अनेक कुटुंबांत सर्वांना वाढून झाल्यावर गृहिणी जेवते. जेवणापूर्वीचे इन्शुलिन टोचल्यावर तिला तासभर उपाशी राहावे लागले, तर तिची शर्करा झपाट्याने उतरते. येथे औषधात दोष नसतो. पंगतीच्या क्रमात असतो. तिने सर्वांबरोबर, वेळेवर जेवावे, एवढा लहानसा बदल पुरेसा होतो.

याहून कठीण प्रश्न विवाहाचा आहे. मुलीचा मधुमेह सासरी कळू न देण्याकडे पुष्कळ पालकांचा कल असतो. परंतु जी सुई लपवून टोचावी लागते, ती कधी ना कधी चुकते. आणि पहिल्या प्रकारच्या रोग्याने इन्शुलिन बंद केले तर रक्तात आम्लता वाढून थोड्या दिवसांत प्राणावर बेतू शकते. या मौनामागे अपत्याविषयीची भीतीही असते. वास्तविक गर्भधारणेपूर्वीपासून शर्करा आटोक्यात असेल, तर अशा बहुतेक स्त्रियांना निरोगी अपत्य होते, आणि मातेला पहिल्या प्रकारचा मधुमेह असला तरी शंभरांतील नव्वदांहून अधिक मुलांना तो होत नाही. हे विवाहापूर्वीच सांगितले जावे, हे उत्तम.

पतिपत्नींमध्ये आणखी एक अबोला शिरतो. दीर्घकाळ वाढलेल्या शर्करेमुळे रक्तवाहिन्या व मज्जातंतू दुखावतात, आणि पुरुषाच्या कामशक्तीवर त्याचा परिणाम होऊ शकतो. लाजेपोटी तो दूर राहू लागतो; पत्नीला ती नावड वाटते. हा रोगाचा परिणाम आहे व त्यावर उपचार आहेत, हे दोघांनाही ठाऊक असले तर गैरसमज टळतो.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह सतरा देशांतील पाहणीत कुटुंबीयांनाही प्रश्न विचारले गेले होते. मदत कशी करावी हेच कळत नाही, असे त्यांतील अनेकांनी सांगितले. याचे उत्तर बहुधा रोग्यापाशीच असते. कोणाला सकाळी फिरायला सोबत हवी असते, कोणाला केवळ औषधाची आठवण, तर कोणाला काही दिवस याविषयी एक अक्षरही नको असते. म्हणून आप्तांनी आधी विचारावे आणि मग हात पुढे करावा. शर्करेचा आकडा हा उपचाराला दिशा दाखवण्यासाठी असतो. माणसाचे गुण-दोष ठरवण्यासाठी नव्हे.